किनाऱ्याने शिवज्योत आणतोय : मालवण ते पुणे, मध्ये तीन खाड्या

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं मंडळ सिंहगड रस्त्यावरचं. तिथीच्या शिवजयंतीला, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीयेला, आम्ही दरवर्षी एखाद्या गडावरून धावत ज्योत आणतो. रायगड झाला, प्रतापगड झाला, शिवनेरी दोनदा झाला, पन्हाळाही झाला. यंदाच्या बैठकीत एका मुलीने विचारलं, "महाराजांचे पाण्यातले किल्ले आपण का सोडतो?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्याच रात्री ठरलं, यंदा ज्योत सिंधुदुर्गाची.

२५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि समोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या समईवरून ज्योत लावायची आणि किनाऱ्या-किनाऱ्याने वर यायचं. देवगड, जैतापूर, पूर्णगड, पावस, रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, मग गुहागर, दाभोळ, हर्णै, केळशी, बागमांडला, श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, पुणे. आमच्या हिशेबाने साधारण साडेपाचशे किलोमीटर. धावणारे अठ्ठावीस, त्यात नऊ मुली. सोबत एक टेम्पो आणि चार दुचाक्या.

जयगडपर्यंत सगळ्या खाड्यांवर पूल आहेत. अडचण पुढे आहे. जयगड ते तवसाळ शास्त्रीची खाडी, धोपावे ते दाभोळ वाशिष्ठीची, वेसवी ते बागमांडला सावित्रीची. तिन्हीकडे गाड्यांसकट फेरीबोट आहे, पण ज्योत घेऊन बोटीवर चढायचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही. पेटती मशाल बोटीवर चालते का? आणि दौडीचं वेळापत्रक बोटीशी जुळवायचं कसं? ज्यांनी हा रस्ता केलाय, किंवा जे तिकडचे आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आम्हाला घाई नाही, शिमग्याला अजून दोन महिने आहेत.

---

खाडीकाठचा

मी मूळचा दाभोळचा, वीस वर्षं धायरीत राहतोय. धागा वाचून अंगावर काटा आला. आमच्या धक्क्यावरून शिवज्योत जाणार ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणून जरा जास्तच लिहितो.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. तुम्ही वद्य तृतीयेला पुण्यात पोचणार म्हणजे खाड्या पार करणार पौर्णिमेच्या आसपास. ते दिवस उधाणाचे. भरती चढते तशी ओहोटीही खूप खाली जाते. आमच्याकडे जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा, वद्य प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे धरा. मग ओहोटी कधी? त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर. म्हणजे नेमकी सकाळची पहिली बोट आणि संध्याकाळची बोट, दोन्ही पार ओहोटीत.

धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. बोट पुढचं लोखंडी दार त्या उतारावर टेकवते आणि गाड्या आत-बाहेर होतात. पाणी फार खाली गेलं की दार नीट टेकत नाही, उतार शेवाळलेला असतो, भरलेल्या टेम्पोचा मागचा भाग घासतो. कधी कधी पाणी चढेपर्यंत बोट थांबवून धरतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की सकाळी दहा ते दुपारी तीन-चार ही वेळ तुमची. आणि त्या वेळात तुमच्या वेगाने दोन खाड्या होत नाहीत. तवसाळ ते धोपावे साठ किलोमीटरच्या आसपास आहे, घाट्या आहेत. तेव्हा एका दिवशी एकच खाडी धरा.

चतुर्दशीला सकाळी मालवण सोडा. रात्रभर धावलात तर पौर्णिमेला दुपारपर्यंत जयगड. होळीची रात्र गुहागरात. प्रतिपदेला दुपारी धोपावे-दाभोळ. रात्र केळशीला. द्वितीयेला दुपारी वेसवी. तिथून मग कुठे पाणी आडवं येत नाही, रात्रभर धावत तृतीयेला सकाळी पुणे.

दुसरी गोष्ट शिमग्याची. त्या दिवसांत मुंबईचा चाकरमानी गावात असतो. होळी झाली की परतीच्या गाड्यांची धक्क्यावर रांग लागते. टेम्पो मागे अडकला तरी ज्योत पुढे जाईल अशी तयारी ठेवा.

---

पर्वतीपायथा

मी साठी पार केली आहे, तरुणपणी तीन वेळा ज्योत आणली आहे. मनात आलं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्योत पायांनी आणायची असते. अनवाणी, भिजत, तापत. बोटीत उभं राहून दहा-पंधरा मिनिटं पुढे सरकायचं, यात दौड कुठे राहिली? चिपळूणवरून वळसा घेऊन खाड्या टाळता येतात. लांब पडेल, पण ज्योत जमिनीवरून येईल.

---

खाडीकाठचा

काका, तुमच्या भावनेचा आदर आहे. फक्त एक सांगतो. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, तोवर गाडीवाल्यांना चिपळूणचाच वळसा होता. पण माणसं कधीच वळशाने गेली नाहीत. माझी आजी माहेरी जायची ती होडीने, तांदळाचं गाठोडं डोक्यावर आणि काखेत मूल. आमच्याकडे त्याला 'तर' म्हणतात. तरीवर उभं राहून होडीची वाट बघणं हा रस्त्याचाच भाग होता. महाराजांनी आरमार उभं केलं ते याच लोकांच्या जिवावर, कोळी, भंडारी, दालदी. त्यांच्या वाटेने ज्योत येणार असेल तर ती वाट पाण्यातूनच जाते.

---

पर्वतीपायथा

हे पटलं. वळशाचा मुद्दा मागे घेतो. पण बोटीवर पोरांनी मोबाईल काढून बसू नये. ज्योत ज्याच्या हातात त्याने उभं राहावं, बाकीच्यांनीही उभंच राहावं. एवढं पाळलंत तर मला ती दौडच वाटेल.

---

सिंहगडरोडकर

काका, हे आजच्या बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी होकार दिला. खाडीकाठचा, तुमचा भरतीचा हिशेब फळ्यावर लिहून ठेवलाय. आमचं वेळापत्रक सपशेल चुकलं होतं, आम्ही तिन्ही खाड्या दीड दिवसात धरल्या होत्या.

---

भट्टीवाला

कारखान्यात भट्ट्यांवर काम करतो म्हणून विस्तवाबद्दल लिहितो.

उघडी मशाल फेरीबोटीवर कोणीही चढू देणार नाही आणि देऊही नये. खालच्या डेकवर गाड्या चिकटून उभ्या असतात, त्यांच्या टाक्यांत पेट्रोल असतं. त्यात समुद्रावरचा वारा. मशालीच्या काकड्यातून तेलाचे पेटते थेंब गळतात, ते वाऱ्याने कुठे जातील सांगता येत नाही.

ऑलिंपिकची ज्योत विमानाने नेतात तेव्हाही मशाल पेटलेली नसते. खाणकामगारांच्या सुरक्षादिव्यासारखे बंद दिवे असतात, ज्योत त्यांत असते, आणि एक विझला तर दुसरा हवा म्हणून एकापेक्षा जास्त दिवे असतात. तो दिवा हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये केला. त्यातली युक्ती अगदी साधी आहे. ज्योतीभोवती बारीक धातूची जाळी असते. जाळी ज्योतीची उष्णता पटकन ओढून पसरवते, त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची ज्योत तर ग्रीसहून फ्रान्सला जहाजानेच आली. १८९६ साली बांधलेलं 'बेलेम' नावाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज, २७ एप्रिलला पिरेयस सोडलं आणि ८ मे ला मार्सेलच्या बंदरात. म्हणजे ज्योत पाण्यावरून न्यायची रीत जगात आहे, फक्त ती बंद दिव्यातून.

तुम्ही काय करायचं? बोहरी आळीत जाऊन जाड काचेचे चांगले कंदील घ्या, दोन नाही, तीन घ्या. काचेभोवती बारीक तारेची जाळी गुंडाळा. यामुळे तो डेव्हीचा दिवा होत नाही हे लक्षात ठेवा, काच फुटली तर तुकडे उडू नयेत एवढाच तिचा उपयोग. म्हणून गाड्यांच्या डेकवर कंदील थांबवायचाच नाही. वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहायचं. बोटीवर चढायच्या आधी खलाशांना आणि तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारायचं. ते नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही, त्या बोटीवर माणसं त्यांच्या जबाबदारीवर असतात.

तेलाबद्दल आणखी एक. मशालीला तिळाचं किंवा करंजाचं तेल उत्तम, पण कंदिलात ते घालू नका. दाट तेल कंदिलाच्या लांब वातीतून वर चढत नाही, ज्योत हळूहळू मरते. कंदिलाला रॉकेलच लागतं. पुण्यात आता ते शोधावं लागेल, आधीपासून लागा.

---

जुनाधावक

हा धागा चार दिवस वाचतोय. लिहू की नको असं होत होतं.

आमच्या मंडळाने एका वर्षी पन्हाळ्याहून ज्योत आणली. रात्री दोनच्या सुमारास अवकाळी पाऊस आला आणि मशाल विझली. ज्योत माझ्या हातात होती. टेम्पोत राखीव समई होती असं आम्ही समजत होतो, ती कधीच विझली होती. आम्ही पाच जण होतो. कोणीतरी काडेपेटी काढली. सकाळी पुण्यात शिरलो तेव्हा बायका औक्षण करत होत्या, म्हातारी माणसं ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावत होती. मी मशाल धरून उभा होतो आणि मान वर करता येत नव्हती. चौदा वर्षं झाली, आज पहिल्यांदा लिहितोय.

भट्टीवाला म्हणतात तसे तीन कंदील घ्या. आणि त्यांच्याकडे बघायला माणूस नेमा, ज्याचं दुसरं काहीही काम नसेल. आमच्याकडे 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' असं ठरलं होतं.

---

भट्टीवाला

दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये भर मैदानातली ज्योत पावसाने विझली होती. तिथल्या एका माणसाने सिगारेटच्या लायटरने ती पेटवली. आयोजकांना कळलं तेव्हा त्यांनी ती पुन्हा विझवली आणि जपून ठेवलेल्या मूळ ज्योतीवरून परत लावली. राखीव ज्योत होती म्हणून ते करता आलं. तुमच्याकडे नव्हती. रात्री दोनला पावसात पाच पोरांनी काय करायचं होतं?

---

सिंहगडरोडकर

जुनाधावक, तुमची पोस्ट मी बैठकीत वाचून दाखवली, कोणाचं नाव-गाव न सांगता. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ज्या मुलीने सिंधुदुर्गाचा विषय काढला तीच म्हणाली, कंदिलांकडे मी बघते. तिला धावण्यातून पूर्ण सूट दिली आहे. पाच दिवस ती टेम्पोत कंदिलांसोबत असेल.

---

वेळासवारी

एक विनंती. केळशीहून वेसवीला जाताना वेळासच्या बाजूला असाल आणि मध्येच किनाऱ्यावर उतरायची इच्छा झाली, तर रात्री उतरू नका. फाल्गुन हा तिथे कासवांचा हंगाम. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री अंडी घालायला येतात, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राचीच बाजू जास्त उजळ असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. मशालीचा उजेड दिसला तर उलटी जमिनीकडे वळतील. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला हे संवर्धन सुरू केलं आणि गावाने ते आपलं मानलं. हाच नियम अंजर्ल्यालाही पाळा. रस्त्यावरून खुशाल जा, फक्त वाळूत ज्योत आणि भोंगा नको.

---

डोंगरवाट

मी दोन वर्षं मुलींच्या दौडीसोबत होते, तेव्हा थोडं कामाचं. मार्चमध्ये किनाऱ्यावर दुपारी धावणं देशावरच्यापेक्षा जड जातं. घाम सुकत नाही, मीठ अंगावरच बसतं. नुसतं पाणी पुरत नाही, लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा, कोकम मिळालं तर उत्तमच. डांबर तापतं, अनवाणी धावणाऱ्यांनी अकरा ते चार चपला घालाव्यात, त्यात कमीपणा नाही. मुलींच्या मुक्कामासाठी शाळा नको, देवळाच्या भक्तनिवासाची सोय बघा, न्हाणीघराला कडी असते. रात्री उजेड परतवणारी जाकिटं सगळ्यांना, फक्त ज्योत धरणाऱ्याला नाही.

---

सासवण्याचाभाचा

पुण्यात शिरल्यावर ज्योत आधी शिवाजीनगरच्या प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी न्या, मग मंडळात. तो पुतळा १९२८ सालचा, शिल्पकार नानासाहेब करमरकर. ते अलिबागजवळच्या सासवण्याचे. किनाऱ्यावरून आलेली ज्योत किनाऱ्यावरच्या माणसाने घडवलेल्या महाराजांसमोर उभी राहील.

---

सिंहगडरोडकर

हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. नक्की.

---

सिंहगडरोडकर (पौर्णिमा, दुपारी दीड)

जयगडच्या धक्क्यावर आहोत. अडीच तास उशीर झाला, आरे-वारेच्या चढावर दोघांचे पाय आखडले. पण भरती अजून चांगली आहे. तांडेलाने कंदील बघितला आणि हात जोडले. वर जा म्हणाला. तिन्ही कंदील पेटते आहेत.

---

खाडीकाठचा

वाचतोय. उद्या दाभोळच्या धक्क्यावर माझा चुलतभाऊ असेल, त्याला तुमच्या टेम्पोचा रंग सांगून ठेवलाय.

---

सिंहगडरोडकर (तृतीयेनंतर दोन दिवसांनी)

मंडळी, ज्योत पोचली. पाय अजून सुजलेले आहेत, पण विसरायच्या आत लिहून काढतो.

मालवणला सकाळच्या पहिल्या होडीने किल्ल्यात गेलो. शिवराजेश्वरासमोर आरती झाली, पुजाऱ्यांनी समईवरून मशाल लावून दिली. परत येताना होडीतच मशालीवरून तीन कंदील लावले आणि मशाल विझवली. तेव्हा मला फार विचित्र वाटलं, आताच लावलेली ज्योत आपण हाताने विझवतोय म्हणून. कंदीलवाली पोरगी म्हणाली, "दादा, ज्योत इथं आहे," आणि मांडीवरचा कंदील दाखवला. पलीकडे उतरल्यावर तिच्या कंदिलावरून मशाल पुन्हा लागली. पुढे तीन खाड्यांवर हेच केलं.

जयगडला खालच्या डेकवर गाड्या दाटीने लागल्या. आम्ही सगळे लोखंडी जिना चढून वर गेलो. पर्वतीपायथा काका, सगळे उभे होते, एकानेही मोबाईल काढला नाही. मला जे कधीच जाणवलं नव्हतं ते त्या बोटीवर जाणवलं. दौडीत आपण कधी एकत्र नसतो. एक धावतो, दोघं दुचाकीवर, चौघं टेम्पोत झोपलेले, बाकीचे पुढच्या वळणावर. इतक्या वर्षांत ज्योतीभोवती सगळं मंडळ एका वेळी उभं राहिलंय असं फक्त निघताना आणि पोचल्यावर झालं. इथे भर खाडीत अठ्ठावीस जण एका कंदिलाभोवती उभे, डावीकडे जयगडचा कोट मागे सरकतोय, आणि कोणी काही बोलत नाहीये. रिकामी पाटी घेऊन परत निघालेली एक मावशी आमच्यात येऊन उभी राहिली. तिने कंदिलाच्या काचेजवळ हात धरला, ऊब घेतली, कपाळाला लावली. हाताला माशांचे खवले चिकटलेले होते. "खंयसून हाडलास?" तिने विचारलं. सिंधुदुर्गातून म्हटल्यावर ती म्हणाली की तिचं माहेर मालवणचं. मग उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

होळीची रात्र गुहागरात. एका वाडीत पालखी नाचवत होते. आमची पोरं खांद्याखाली शिरून तासभर नाचवायला लागली, पाय दुखतात हे विसरून गेली.

आता धोपावे. खाडीकाठचा, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. प्रतिपदेला दुपारी साडेबाराला पोचलो तर धक्क्यापासून वरच्या वळणापर्यंत चाकरमान्यांच्या गाड्या. टेम्पोचा नंबर तिसऱ्या बोटीत लागणार होता. आम्ही ठरवलं, ज्योत आणि धावणारे पुढे, टेम्पो मागून. चालत चढलो, पंधरा मिनिटांत दाभोळ. उतरलो आणि लक्षात आलं की मशाल टेम्पोत, तेल टेम्पोत, काकडे टेम्पोत. आमच्याकडे एक कंदील आणि एक भगवा. बाकी दोन कंदीलही टेम्पोत, दुसऱ्या एका मुलाच्या ताब्यात.

दाभोळला धक्क्याजवळ ती जुनी दगडी मशीद आहे. रोजे चालू होते. तिथल्या दोन वयस्कर माणसांनी आम्हाला सावलीत बसवलं आणि पाण्याची कळशी आणून दिली. स्वतःच्या घशाला दिवसभर थेंब नाही आणि आम्हाला वाकून ओंजळीत पाणी ओतत होते. तुमचे चुलतभाऊही तिथेच भेटले, त्यांनी थांबा म्हटलं, टेम्पो येईल तासाभरात. पण थांबावंसं वाटेना.

कंदील घेऊन धावता येत नाही हे आम्हाला तिथे कळलं. पहिला मुलगा शंभर पावलं धावला, ज्योत काचेला लागून काळी झाली आणि हेलकाव्याने मरायला आली. कंदील गुडघ्याला आपटून त्याला चटका बसला. मग कंदीलवाली पोरगी म्हणाली, भगव्याची काठी द्या. झेंडा काढून एकाने अंगावर घेतला. काठी दोघींनी खांद्यावर घेतली, मधोमध कंदील टांगला, आणि आदल्या रात्री गुहागरात पालखीवाले टाकत होते तशी पावलं टाकत दोघी निघाल्या. एकीचं पाऊल पडतं तेव्हाच दुसरीचं. कंदील जरासा झुलायचा, ज्योत उभीच. दाभोळचा तो चढ आम्ही असा चढलो, दर दोनशे पावलांवर खांदे बदलत. वरच्या वाडीत बायका नारळ घेऊन दारात आल्या, त्यांना वाटलं कुठली पालखी आली. शिवज्योत आहे म्हटल्यावर त्यांनी नारळ परत नेले नाहीत, तिथेच वाढवले. टेम्पो आला तेव्हा आम्ही चार किलोमीटर पुढे होतो. मशाल लावली खरी, पण पोरी काठी सोडायला तयार नव्हत्या. मग तो दिवस संपेपर्यंत पुढे मशाल आणि मागे खांद्यावर कंदील असंच चाललो.

वेसवीला काही विशेष घडलं नाही. भरती पूर्ण होती, बोट लगेच मिळाली. बाणकोटच्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब उभे आहेत ते दिसले. सागरी महामार्गाचे पूल झाले की ही वाट थेट रस्त्याने होईल. सोय होईलच. तरी त्या दिवशी खांबांकडे बघून मला बोटीवरची ती पंधरा मिनिटं आठवत राहिली.

ताम्हिणीत रात्री तीनला वारा सुटला आणि मशाल विझली. सगळे जागच्या जागी थांबले. मी धावत टेम्पोकडे गेलो तर दोन कंदील विझलेले, घाटातल्या हादऱ्यांनी वाती आत पडल्या होत्या. तिसरा तिच्या मांडीवर होता, ओढणीत गुंडाळलेला. ती पाच दिवसांत नीट झोपली नव्हती. कंदील खाली ठेवला तर हादरतो म्हणून माणगावपासून तिने तो हातातच धरला होता. त्यावरून मशाल लावली. जुनाधावक, त्या क्षणी मला तुमची फार आठवण झाली.

सकाळी साडेदहाला चांदणी चौक, तिथून कोथरूड, डेक्कन, आणि बाराच्या आत शिवाजीनगरचा पुतळा. तिथे मशाल तिच्या हातात दिली.

---

पर्वतीपायथा

मी डेक्कनला रस्त्याच्या कडेला उभा होतो. तुम्हाला हाक मारली नाही, दौड थांबली असती. काठीवरचा कंदील मागच्या मुलींच्या खांद्यावर होता तो बघितला, तेव्हा समजलं नव्हतं ते काय आहे. आता समजलं.

---

जुनाधावक

वाचलं. पुढच्या वर्षी कंदिलांसोबत बसायला एक माणूस कमी पडला तर मला सांगा. धावणं आता जमत नाही, जागता येतं.

---

सिंहगडरोडकर

दादा, तुमची जागा आजच लिहून ठेवली.

---

खाडीकाठचा

चुलतभावाचा फोन आला होता, त्याने मला सगळं सांगितलं होतं, तरी पुन्हा वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती पंचाऐंशीची आहे, आता दाभोळला जाणं होत नाही. आपल्या धक्क्यावरून आलेला कंदील बघायचाय म्हणते. मंडळात कधी यावं?

---

सिंहगडरोडकर

उद्या संध्याकाळी सहानंतर कधीही या, मी गाडी पाठवतो. कंदील शिवरायांच्या मूर्तीपाशी आहे, अजून पेटता. काच पुसलेली नाही, खाडीचं मीठ तिच्यावर तसंच आहे.

---

खाडीकाठचा

पुसू नका. आम्ही सहाला येतो.